कोण जूबल?

लास्ट बिस्किट गावात शेरीफ होणं म्हणजे आपल्या शवपेटीचं माप आपणच जाऊन देणं. ते माप घेणारा माणूस होता एनॉस पिकरिंग, गावातला एकुलता एक सुतार. सोनं धुवायचे लाकडी पाळणे तोच करायचा आणि माणसं पुरायच्या पेट्याही तोच. पहिला शेरीफ त्याच्याच पेटीतून गेला. दुसरा खेचरावर उलटा बसून गेला, कारण मागून कोण गोळी झाडतंय ते त्याला बघायचं होतं. तिसरा आंघोळीला म्हणून नदीवर गेला तो अजून आंघोळच करतोय. चौथ्याने छातीवर बिल्ला लावून घेतला, आरशात पाहिलं आणि त्याला जी हगवण लागली ती पार सॅक्रामेंटोला पोचेपर्यंत थांबली नाही. बिल्ला मात्र कुणी नेला नाही. तो सार्डिन माशांच्या डब्याचा पत्रा कापून केलेला होता आणि त्याला अजून वास यायचा.

पाचवा निवडायला मे महिन्यातल्या एका रविवारी सगळं गाव ल्युशस ग्रॅस्बीच्या गुत्त्यात जमलं. गावात भिंती असलेली तेवढी एकच इमारत होती, बाकी सगळे तंबू. ग्रॅस्बी गोरापान, गुबगुबीत, बोलायला मधाळ. त्याला शेरीफ हवा होता, पण खुर्चीसारखा, ठेवला तिथे राहणारा.

"मी एनॉस पिकरिंगचं नाव सुचवतो," ग्रॅस्बी म्हणाला. "सरळ माणूस आहे. जन्मात खिळ्याशिवाय कशावर हात उगारला नाही."

"आणि खिळेसुद्धा वाकवतो!" मागून कुणीतरी ओरडलं. गुत्ता हसून हसून लोळायला लागला.

एनॉस कोपऱ्यात गुडघ्यावर बसून कालच्या मारामारीत मोडलेल्या बाकाला पाय बसवत होता. त्याने मानही वर केली नाही. "नको," म्हणाला.

"अरे, मानाचं काम आहे!"

"मान मोडायचं काम आहे. आणि ग्रॅस्बी, या गावाला आग लागली ना, तर मी पाण्याची बादलीसुद्धा उचलणार नाही. शेकत बसेन. मला कशाला शेरीफ करतोस?"

लोक आणखीच हसले. एनॉस चेष्टा करतोय असं त्यांना वाटलं. एनॉसने चेष्टा करणं सोडून तेव्हा सहा महिने झाले होते.

त्याचं कारण होतं जूबल टीग. एनॉस आणि जूबल व्हरमाँटहून एकत्र आले होते, एका बैलगाडीत, एका कांबळ्यात, एका किटलीवर. आमच्या डोंगरात भागीदार म्हणजे काय ते बायको असलेल्या माणसाला कळणार नाही, कारण बायको रागावून माहेरी तरी जाते. नदीकाठची एक चांगली जागा जूबलच्या नावावर होती. तो खणायचा, एनॉस सुतारकाम करायचा, आणि दोघांचं एकाच थैलीत पडायचं.

मग मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर जूबलच्या हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले, पायांवर काळेनिळे डाग आले. ताजी भाजी न मिळणाऱ्या निम्म्या माणसांना व्हायचं तेच त्याला झालं. तो तंबूत पडून राहिला. गावाचा कायदा साधा होता आणि सगळ्यांना पाठ होता: खड्ड्यात कुदळ-फावडं पडलेलं आहे तोवर जागा तुमची, मग तुम्ही आजारी असा नाहीतर झिंगलेले असा. खड्डा रिकामा दिसला की जागा सोडली असं धरायचं. जूबलची कुदळ आणि फावडं खड्ड्यात होतं. एनॉस फळ्या आणायला खाली सॅक्रामेंटोला गेला आणि एका धुक्याच्या सकाळी ती अवजारं नाहीशी झाली. दुपारी ग्रॅस्बीने सभा बोलावली, व्हिस्की फुकट वाटली आणि विचारलं, "ही जागा सोडलेली आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

हात वर झाले, झाडून सगळे. जूबल कांबळं पांघरून दारात उभा राहून सांगत होता की अरे, कुदळ काल होती, काल संध्याकाळी मी स्वतः पाहिली. पण व्हिस्की समोर असताना आजारी माणसाकडे कोण बघतो? ग्रॅस्बीने जागा आपल्या नावावर केली. जूबल एनॉसला शोधायला चालत खिंडीकडे निघाला. बर्फ पडायला सुरुवात झाली होती. वर येणाऱ्या एनॉसलाच तो सापडला, खिंडीच्या अलीकडे, एका दगडाला टेकून बसलेला. एनॉसने गाडीतल्या नव्या फळ्यांची पेटी तिथेच केली. ती त्याने केलेली सगळ्यात सुबक पेटी होती आणि ती करताना तो लांडग्यासारखा ओरडत होता.

गावात परत आल्यावर कुणी त्याच्या नजरेला नजर देईना. महिन्याभरात देऊ लागले. दोन महिन्यांत त्याच्याशी पत्ते खेळायला बसू लागले. एनॉसला ग्रॅस्बीचा राग होताच, पण या विसराळूंचा राग त्याहून जास्त होता. तो गाव सोडून गेला नाही तो केवळ सूड उगवायचा म्हणून. कसा उगवायचा, हे मात्र त्याला माहीत नव्हतं. पिस्तूल त्याला चालवता येत नव्हतं आणि विष घालायला ग्रॅस्बी त्याच्या हातचं काही खात नव्हता.

त्या रविवारी तो "नको" म्हणून बाहेर पडला आणि ट्रॅस्कबाईंच्या खानावळीत जाऊन बसला. ट्रॅस्कबाई विधवा, हाडापेराने मजबूत, जिभेने त्याहून. गावात बाईला मत नव्हतं, त्यामुळे जूबलच्या दिवशी हात वर न केलेला तो एकच जीव. त्यांनी त्याच्यापुढे घेवड्याची थाळी आदळली.

"नको म्हणालास म्हणे?"

"म्हणालो."

"गाढव आहेस."

"बाई, मी मरायला तयार आहे, पण या लोकांसाठी नाही."

"त्यांच्यासाठी कोण मर म्हणतंय? डोकं वापर की जरा. गावात सभा कोण बोलावू शकतो?"

"शेरीफ. आणि शेरीफ नसेल तर गुत्तेवाला."

"मग?" ट्रॅस्कबाई पदराला हात पुसावेत तसे झग्याला हात पुसत म्हणाल्या. "जूबलला त्याने कशाने मारलं? गोळीने? सभेने मारलं. तुझ्या हातात सभा येतेय, आणि तू बाकाला पाय बसवत बसलास."

एनॉसचा चमचा हवेत थांबला. घेवडा गार होईपर्यंत तो तसाच बसला होता. मग उठला, गुत्त्यात गेला, तो वास मारणारा बिल्ला फळीवरून उचलून छातीवर टोचला आणि म्हणाला, "बरं. होतो." ग्रॅस्बीने त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या थापेची जागा पुढे कितीतरी दिवस आपल्याला खाजत होती, असं एनॉस सांगायचा.

त्याच्या डोक्यात काय शिजत होतं ते सांगतो. ग्रॅस्बीच्या गुत्त्याची जमीन एनॉसनेच घातली होती, जूबल धडधाकट असताना. आमच्याकडे नाणी कुणी बघितलीत? सगळा व्यवहार सोन्याच्या भुकटीचा. एक पेला म्हणजे एक चिमूट, आणि जास्त माल घेतला तर तागडी. ग्रॅस्बीने तेव्हा एनॉसला बजावलं होतं, "तागडीखालच्या फळ्यांत फट ठेव बरं का. दारू सांडली की खाली जाईल, फळी कुजणार नाही." एनॉसने ठेवली. फट कशाला होती ते त्याला पुढे कळलं. गुत्त्यातला वाढपी ऑटो, ज्याचा अंगठा बटाट्याएवढा होता, तो चिमूट घेताना हात हलवायचा आणि तागडी रिकामी करताना तिच्यावर टिचकी मारायचा. रोज, प्रत्येक गिऱ्हाइकाला. ते सगळं फटीतून खाली जात होतं. ग्रॅस्बी ते काढतही नव्हता. तिजोरी असती तर लोकांनी फोडली असती. मातीत सोनं ठेवलंय असा संशय सोनं खणायला आलेल्या गावात कुणाला येणार?

आता ग्रॅस्बीची चूक बघा. कायदा असा होता की एका माणसाला एकच जागा. जूबलची जागा त्याने हव्यासाने आपल्या नावावर केली, तेव्हा गुत्त्याखालची जमीन त्याच्या नावावर राहू शकत नव्हती. गुत्ता त्याचा, फळ्या त्याच्या, बाटल्या त्याच्या, पण फळ्यांखालची माती कुणाचीच नव्हती. आणि माती आधी, घर नंतर, हा कायदा तर लहान पोरालासुद्धा माहीत. सोनं लागलं तर घर हलवायचं. ग्रॅस्बीला हे सुचलंच नाही, कारण खणायचं काम त्याने कधी स्वतःच्या हाताने केलं नव्हतं.

एनॉसला लगेच सभा बोलावता आली असती. पण त्याला घाई नव्हती. ऑटोचा अंगठा आणखी एक उन्हाळा चालू दे, खाली आणखी साठू दे, मग पडेल तेव्हा जास्त उंचावरून पडेल. आणि त्याला दुसरी एक गोष्ट हवी होती: ज्यांनी जूबलच्या वेळी हात वर केले ते सगळेच्या सगळे तेव्हा हजर हवे होते. जिवंत. हीच अडचण होती, कारण लास्ट बिस्किटची माणसं जिवंत राहण्याच्या बाबतीत फार बेफिकीर होती.

जूनमध्ये मिझूरीचा लेम्युएल आणि कॉर्नवॉलचा पेनरोझ एका कुत्र्यावरून भांडले. कुत्रा कुणाचा हा वाद नव्हता. कुत्रा कुणाचाच नाही, असं दोघंही म्हणत होते, आणि त्याने कुणाचं तरी मांस खाल्लं होतं. दोघं पिस्तुलं काढून रस्त्याच्या दोन टोकांना उभे राहिले. गाव तंबूंच्या मागे लपून बघायला लागलं. एनॉस हातात मापाचा लाकडी गज घेऊन आणि कानावर पेन्सिल अडकवून रस्त्यात आला.

"लेम, हात जरा बाजूला घे. खांदे रुंद आहेत तुझे, एक फळी वाढीव लागेल."

"शेरीफ, हट तिथून! गोळी लागेल!"

"लागू दे. पण आधी पाइन की देवदार ते सांग. पाइनला गाठी असतात, पाठीला टोचतात."

"मेलेल्याला काय टोचतंय?"

"मला काय माहीत बाबा. टोचत नाही असंही कुणी येऊन सांगितलेलं नाही." एनॉस शांतपणे दुसऱ्या टोकाला गेला. "पेनरोझ, सरळ उभा राहा. वाकलास की उंची कमी भरते, मग पाय दुमडून घालावे लागतात."

"दुमडून?" पेनरोझचा आवाज चिरकला.

"गुडघ्यातून. मागे पहिल्या शेरीफला तसंच घातलं. कडकन आवाज येतो, पण तुला ऐकू येणार नाही. आणि दोघंही आत्ताच सांगून ठेवा, आईला काय कळवू? कुत्र्यामुळे गेला म्हणू की तापाने?"

कुणीतरी तंबूमागून फिसकन हसलं. मग दुसरं. लेम्युएलचे कान लाल झाले. त्याने पिस्तूल खोचलं आणि म्हणाला की तापाने म्हण, कुत्र्यामुळे म्हटलंस तर आई तोंड दाखवायच्या लायकीची राहणार नाही. संध्याकाळी दोघं ट्रॅस्कबाईंकडे एका बाकावर जेवले, आणि कुत्राही त्यांच्या पायाशी होता.

असा उन्हाळाभर एनॉस गज घेऊन फिरला. कुठे आवाज चढला की हा हजर, आणि माप घ्यायला सुरुवात. पिस्तुलाला न घाबरणारी माणसं त्या गजाला घाबरू लागली. चोर सापडला तर एनॉस त्याला आपल्या दुकानात डांबायचा आणि झोपायला शवपेटी द्यायचा, कारण दुसरी खाट नव्हती. एका रात्रीत माणूस देवभोळा व्हायचा. ऑगस्टपर्यंत गावात गोळीचा आवाज बंद झाला. सॅक्रामेंटोच्या वर्तमानपत्रात म्हणे एनॉसचं नाव छापून आलं. त्याने ते वर्तमानपत्र चुलीत घातलं.

"गाव सुधारतंय रे तुझ्या हाताने," ट्रॅस्कबाई म्हणाल्या.

"बोकडालाही कापायच्या आधी खाऊपिऊ घालतातच की, बाई."

 तो बोलतोय ते खरं आहे हे बाईंना माहीत होतं. लेम आणि पेनरोझच्या मध्ये उभा राहिला तेव्हासुद्धा क्षणभर एनॉसला वाटलं होतं, मरू देत, दोघांनीही हात वर केला होता. पण मेलेल्या माणसाला लाज वाटत नाही. त्याला त्यांची लाज बघायची होती.

ऑक्टोबरच्या एका रविवारी भर दुपारी त्याने सभा बोलावली. गुत्ता गच्च भरला. ग्रॅस्बी तागडीमागे उभा होता, खुशीत, कारण सभा म्हणजे विक्री. ऑटो अंगठा ओला करून तयार होता.

"ग्रॅस्बी," एनॉस म्हणाला, "गावाच्या कायद्याने एका माणसाला जागा किती?"

"एक. कायदा मीच लिहून काढला होता, मला काय विचारतोस?"

"तुझी कुठली?"

"नदीकाठची. सगळ्यांना ठाऊक आहे."

"मग या फळ्यांखालची माती कुणाची?"

ग्रॅस्बी हसला, पण त्याचं हसू ओठांवरच थिजलं. "माती कसली? गुत्ता आहे हा. इथे सोनं नाही, शेरीफ."

"नाही ना? मग तुझी काही हरकत नसणार." एनॉसने पहार काढली आणि तागडीखालची फळी उचकटली. खिळे त्यानेच मारलेले होते, कुठला कुठे आहे ते त्याला माहीत होतं. वाकून त्याने एक फावडं माती काढून परातीत घातली, भांडी घासायच्या टोपातल्या पाण्यात परात बुडवली आणि गोल गोल फिरवू लागला. त्या परातीच्या आवाजावर आमच्या गावातली माणसं झोपेतून उठतात. गुत्ता असा चिडीचूप झाला की बाहेर कुत्रा अंग खाजवत होता तेही ऐकू आलं. माती गेली, वाळू गेली. परातीच्या तळाशी पिवळाधमक चंद्र उरला.

पेनरोझ हळूच म्हणाला, "अरे, पण हे तर... धुतलेलं आहे आधीच. हे आपलंच आहे!"

सगळ्यांच्या नजरा ऑटोच्या अंगठ्याकडे गेल्या. ऑटोने अंगठा खिशात घातला. खिशात तो मावेना.

"थांबा!" एनॉस ओरडला, कारण माणसं पुढे सरकली होती. "कायद्याने होईल. ही जागा कुणाचीच नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

हात वर झाले, झाडून सगळे. एक थेंब व्हिस्की वाटायची गरज पडली नाही. ऑटोचाही हात वर होता, अंगठ्यासकट. एनॉस त्या हातांच्या रानाकडे बघत होता. याच क्षणासाठी तो उन्हाळाभर जगला होता, आणि आता त्याच्या पोटात गोड काहीतरी पसरायला हवं होतं. थोडंसं पसरलंही.

पुढे जे झालं त्याला खणणं म्हणता येणार नाही. फळ्या उडाल्या, बाटल्या उडाल्या, खांबांच्या मुळाशी कुदळी पडायला लागल्या. दोघं खड्ड्यात आधी कोण उतरलं यावरून हमरीतुमरीवर आले, पण एनॉसने नुसता गज दाखवला तसे गप झाले. ग्रॅस्बी एका खांबाला मिठी मारून ओरडत होता, "शेरीफ! कायदा! अरे, मालमत्ता आहे माझी!"

"फळ्या तुझ्या आहेत. उचल की."

उन्हं उतरायच्या आत गुत्ता आधी एका अंगाला कलला, जरा विचार केल्यासारखा थांबला आणि मग धाडकन बसला. धुळीच्या लोटातून ग्रॅस्बी बाहेर आला. डोकं पांढरं, एका पायात बूट. एनॉस त्याच्या समोर उभा राहिला. हे वाक्य त्याने हिवाळ्यापासून जपलं होतं. रोज रंधा मारताना तो ते घोकत होता.

"हे जूबलसाठी," तो म्हणाला.

ग्रॅस्बीने डोळे चोळले. त्याच्या तोंडावर भीती होती, राग होता, रडू होतं, पण त्यात ओळखीचं काही नव्हतं.

"कोण जूबल?" त्याने विचारलं.

एनॉसला वाटलं हा नाटक करतोय. त्याने त्याची गचांडी धरली. पण नाटक नव्हतं. त्या माणसाने इतक्यांना बुडवलं होतं की एकेक नाव लक्षात ठेवणं त्याला परवडलं नसतं. एनॉस गर्रकन वळला आणि खड्ड्यात उतरलेल्या लोकांना ओरडून म्हणाला, "जूबल टीग! सांगा रे याला, कोण जूबल ते!"

लेम्युएलने कंबर सरळ केली. "टीग? तो लंगडा का रे, गेल्या साली पुरात गेला तो?"

"नाही, तो टिग्ज," पेनरोझ म्हणाला. "शेरीफ, तुझ्या पायाखालची फळी सरकव ना जरा."

एनॉसने फळी सरकवली. त्याला त्यांना मारून टाकावंसं वाटलं. लाज बघायला त्याने ही माणसं जिवंत ठेवली होती, आणि लाज वाटायला आठवण असावी लागते हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. ट्रॅस्कबाई खानावळीच्या दारातून बघत होत्या. त्या आत गेल्या.

त्या आठवड्यात बर्फ पडायला लागलं. ग्रॅस्बीला गावात कुणी पाण्याला विचारेना. एका सकाळी तो अंगावर कांबळं घेऊन खिंडीच्या वाटेला लागला. ज्याने त्याने पाहिलं आणि परत खणायला वाकला. एनॉसनेही पाहिलं. त्याच वाटेने, तशाच कांबळ्यात. हा सूड तर त्याला मागायलाही सुचला नसता इतका नेमका होता. नुसतं स्वस्थ बसायचं होतं.

तो बसला. रंधा मारत राहिला. मग रंधा फेकून धावत निघाला.

खिंडीच्या अलीकडे त्याने ग्रॅस्बीला गाठला. "चल मागे. तुला अटक केलीय."

"कशासाठी?" ग्रॅस्बीचे ओठ निळे पडले होते. "जाऊ दे मला, एनॉस. मेलो तर तुझंच बरं होईल."

"म्हणूनच. तू मेलास की सुटलास. काही न आठवता सुटलास. असं कसं?"

त्याने त्याला दुकानात आणला, चुलीजवळच्या शवपेटीत झोपवला, पायात साखळी घातली. आणि सांगायला सुरुवात केली. जूबल टीग, व्हरमाँटचा, बापाची मेंढरं होती, दूध प्यायला की पोट बिघडायचं. रोज सकाळी कॉफी उकळताना आणि रोज संध्याकाळी घेवडा शिजताना एनॉस जूबल सांगायचा. जूबल गायचा, सुरात नाही. जूबलला खेचरांची भीती वाटायची, म्हणून खेचर ओरडलं की टोपी काढून त्याला नमस्कार करायचा. जूबलने मैदानात तहानलेल्या बैलाला आपल्या वाटणीचं पाणी पाजलं आणि मग दोन दिवस बैलालाच शिव्या दिल्या. ग्रॅस्बीने कानात बोटं घातली, तर एनॉस ओरडून सांगायचा. ग्रॅस्बी रडला, तर तो थांबायचा आणि रडणं संपलं की तिथूनच पुढे सुरू करायचा. चोर डांबायची वेळ यायची तेव्हा चोर पाया पडायचे, की शेरीफ, हवं तर दोन पेट्यांत झोपव, पण त्या जूबलच्या गोष्टी नकोत.

जानेवारी गेला. एके दिवशी एनॉस कॉफी ओतता ओतता म्हणाला, "...तर ते तपकिरी खेचर त्याच्या मागे लागलं..."

"करडं," पेटीतून आवाज आला.

"काय?"

"खेचर करडं होतं. डेबोरा. तपकिरी ते दुसरं, नदीत वाहून गेलं ते." ग्रॅस्बी उठून बसला होता, हातात पेला. "आणि डेबोरासमोर त्याने टोपी काढली नव्हती. त्या दिवशी टोपी बैलाच्या शिंगात होती. तूच सांगितलंस."

एनॉस खाली बसला. खरंच, करडं होतं. तोच विसरला होता. जूबलच्या मागे लागलेल्या खेचराचा रंग आता या जगात एकाच माणसाला ठाऊक होता, आणि तो माणूस जूबलला मारणारा होता. एनॉसला इतका संताप आला की त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. या खेपेला ग्रॅस्बी अधूनमधून पुढचं वाक्य स्वतः बोलून टाकायचा.

एप्रिलमध्ये खिंड मोकळी झाली. सगळ्या गावाने पोटभर खणलं होतं, गुत्त्याच्या जागी एक मोठं डबकं झालं होतं आणि लोक नव्या शेरीफची भाषा करायला लागले होते, कारण आता धोका राहिला नव्हता आणि बिल्ला ज्याला त्याला हवा होता. एनॉसने तो लेम्युएलला देऊन टाकला. ग्रॅस्बीच्या पायातली साखळी काढली, त्याला शिधा दिला आणि वाटेपर्यंत सोडायला गेला.

ग्रॅस्बी वाळून अर्धा झाला होता. तो निघाला, चार पावलं गेला आणि परत वळला.

"एनॉस, त्या सकाळी ती कुदळ मी स्वतः उचलली होती. माणूस पाठवला नव्हता." त्याचा आवाज खरखरीत होता. "दांड्यावर नाव कोरलेलं होतं. जूबल टीग. धुकं होतं म्हणून मी अगदी जवळ धरून वाचलं. तेव्हा मला माहीत होतं. मग मी विसरलो. मला विसरायला काही म्हणजे काही कष्ट पडले नाहीत."

ते नाव कोरायला एनॉसला एक अख्खी संध्याकाळ लागली होती आणि जूबल शेजारी बसून स्पेलिंग चुकतंय म्हणून हसत होता.  ग्रॅस्बी क्षमा मागतोय की काय असं एनॉसला वाटलं, आणि मागितली तर आपण वाटेवरच्या दगडावर याचं डोकं आपटू, हेही त्याला पक्कं कळलं. पण ग्रॅस्बीने क्षमा मागितली नाही. तो नुसता उभा होता, पाठीवर पोतं घेतल्यासारखा वाकून, आणि ते पोतं खाली ठेवायची जागा शोधत होता.

"जा," एनॉस म्हणाला. "आता विसरून दाखव."